जहाजावरच पुढची क्रूझ बुक करावी का? पहिल्यांदा निघालेल्यांसाठी

“गणपतीला गावी पोचलो की स्टँडवरच परतीचं रिझर्वेशन करून टाकायचो, तसंच की हे!” बाबा म्हणाले. बाबा म्हणजे माझे सासरे. सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते आणि आम्ही सगळे बेयॉनच्या धक्क्यावरून क्रूझला निघालो होतो. दिवस दुसरा, चहूकडे नुसतं पाणी, आणि कॉफीच्या काउंटरशेजारी एका टेबलापुढे पंधरा-वीस माणसं रांगेत उभी. सुट्टी अजून अर्धीही झाली नव्हती आणि लोक पुढच्या वर्षीच्या सुट्टीचे पैसे भरत होते.

बाबांची उपमा मला आवडली, पण ती अर्धीच लागू पडते. परतीचं तिकीट लागणारच असतं. पुढची क्रूझ लागणारच असते असं नाही, आणि या टेबलाचा धंदा नेमका त्याच फरकावर चालतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. डिपॉझिट पूर्ण परत मिळणारं असेल आणि दीड-दोन वर्षांत पुन्हा जायचं घरात खरंच ठरलं असेल, तर जहाजावर बुकिंग करणं फायद्याचं. डिपॉझिट परत मिळणार नसेल, तर भेट म्हणून काहीही देऊ केलं तरी खुर्चीतून उठावं. हे शहाणपण फुकट आलेलं नाही. आमच्या पहिल्या क्रूझवर, फ्लोरिडाहून निघालेल्या, शेवटच्या संध्याकाळी मी आणि नवरा त्या टेबलाशी बसलो. उन्हातून आलेलो, पोट भरलेलं, लेक स्विमिंग पूलवर जायचं म्हणून हात ओढत होती. कागदावर ठळक अक्षरात ऑनबोर्ड क्रेडिटचा, म्हणजे जहाजावर खर्चायला मिळणाऱ्या रकमेचा, आकडा होता, तेवढाच वाचला. डिसेंबरची सफर पक्की करून आलो. ऑगस्टमध्ये नवऱ्याने नोकरी बदलली, नव्या ठिकाणी डिसेंबरात रजा मिळेना. तारीख बदलायची तर माणशी दंड, शिवाय नव्या तारखेचं भाडं चढलेलं. हिशेब केला आणि पाचशे डॉलर सोडून दिले. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्यांनी फसवलं नव्हतं. ‘नॉन-रिफंडेबल’ हा शब्द त्याच कागदावर खाली बारीक अक्षरात होता, वाचला नव्हता आम्हीच.

आधी समजून घ्या, टेबलावर विकतात काय

दोन वेगळ्या गोष्टी विकतात आणि नवीन माणसाचा गोंधळ इथेच होतो.

एक म्हणजे ठरलेलं बुकिंग: हे जहाज, ही तारीख, ही केबिन. दुसरं म्हणजे नुसतं राखून ठेवलेलं डिपॉझिट. आज थोडे पैसे भरायचे, जहाज आणि तारीख घरी जाऊन सावकाश ठरवायची, आणि जहाजावर बुकिंग केल्याचे फायदे तेव्हा लागू होतात.

नावं कंपनीगणिक वेगळी. रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर या टेबलाला ‘नेक्स्टक्रूझ’ म्हणतात. प्रिन्सेसवर ‘फ्यूचर क्रूझ डिपॉझिट’ असतं, माणशी १०० डॉलरचं. डिस्नीवर ‘प्लेसहोल्डर’ मिळतो: केबिनमागे २५० डॉलर भरायचे, दोन वर्षांत वापरायचा, आणि काही तारखा वगळून भाड्यावर १० टक्के सवलत. नॉर्वेजियनवर ‘क्रूझनेक्स्ट’ नावाची प्रमाणपत्रं विकतात, २५० डॉलर किमतीची, आणि ती परत करता येत नाहीत. ऐकायला चारही प्रकार भाऊ-भाऊ वाटतात, पण पैसे परत मागायची वेळ आली की नाती कळतात. शिवाय या योजनांचे आकडे आणि मुदती कंपन्या मधूनमधून बदलत असतात. तुमच्या सफरीवर काय चालू आहे ते तिथल्या छापील कागदावरच बघा. यूट्यूबवर कुणीतरी दोन वर्षांपूर्वी सांगितलेलं धरून बसू नका.

आणखी एक गैरसमज. जहाजावर भाडं स्वस्त असतं असं बऱ्याच जणांना वाटतं. मूळ भाडं सहसा त्या दिवशी कंपनीच्या वेबसाइटवर असतं तेच असतं. वेगळं असतं ते वरचं: ऑनबोर्ड क्रेडिट, कमी डिपॉझिट, क्वचित थोडी सवलत. म्हणजे तुलना करायची ती या वरच्या गोष्टींची.

पायरी १: घरून निघायच्या आधी

हे काम जहाजावर होत नाही, कारण तिथे इंटरनेटला दिवसाचे पैसे मोजावे लागतात आणि मूडही नसतो. निघायच्या आदल्या दिवशी तासभर काढा. पुढच्या दीड-दोन वर्षांत जाता येईल अशा तीन सफरी शोधा. प्रत्येकीचं जहाज, तारीख, केबिनचा प्रकार आणि एकूण भाडं लिहून घ्या, किंवा सरळ स्क्रीनशॉट काढा. कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्यामुळे १ जुलै २०२४ पासून मोठ्या कंपन्या अमेरिकेत कर आणि बंदरशुल्क धरूनच भाडं दाखवतात, त्यामुळे हे सोपं झालंय. टिप्स मात्र त्यात नसतात. त्या माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर धरा. चार माणसांचं कुटुंब सात रात्री गेलं तर पाचशेच्या आसपास तिथेच जातात.

आत्ताची सफर एजंटकडून घेतली असेल तर त्यालाही फोन करा. “जहाजावर बुक केलं तर ते तुमच्याकडे घ्याल का, आणि तुमच्याकडून काय मिळेल?” एवढं विचारा. कॉस्टको ट्रॅव्हलवाले तर क्रूझच्या बुकिंगवर शॉप कार्ड, म्हणजे कॉस्टकोच्या दुकानात खर्चायचं कार्ड, देतात, आणि आपल्या न्यू जर्सीतल्या एडिसनकडच्या किती घरांत ते कार्ड थेट तांदळाच्या पोत्यात जिरतं हे मी सांगायला नको. ते हातचं जाऊ द्यायचं नसेल तर कुठलं बुकिंग त्यांच्याकडे चालतं हे आधी कळलेलं बरं.

पायरी २: टेबलाशी कधी जावं

पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी. शेवटच्या सी डेला, म्हणजे जहाज कुठेच थांबत नाही त्या दिवशी, तिथे लग्नाच्या पंगतीसारखी गर्दी असते आणि मागचा माणूस मानेवर श्वास घेत असतो. बऱ्याच जहाजांवर अपॉइंटमेंट घेता येते. ती घ्या, पण पहिल्या भेटीत काहीच बुक करू नका. कागद घ्या, भाव लिहून घ्या, केबिनवर परत या. मोठ्या सफरींवर दरम्यान ऑफर बदलते असं लोक सांगतात. बदलली तर बदलली. एका रात्रीत उडून जाणारी ऑफर आपल्यासाठी नव्हतीच असं समजा.

पायरी ३: हे विचारा, आणि उत्तर कागदावर दाखवायला सांगा

सगळ्यात आधी: डिपॉझिट रिफंडेबल आहे का? ‘हो’ म्हणाले तर पुढचा प्रश्न: कधीपर्यंत? फायनल पेमेंटच्या, म्हणजे उरलेलं सगळं भाडं भरायच्या, तारखेपर्यंत पूर्ण परत, असं उत्तर हवं. एकाच केबिनला रिफंडेबल आणि नॉन-रिफंडेबल असे दोन भाव असू शकतात आणि समोरचा माणूस बहुतेक वेळा स्वस्तातला, म्हणजे नॉन-रिफंडेबल, आधी दाखवतो. दोन्ही मागून घ्या. मधला फरक म्हणजे तुमच्या विम्याचा हप्ता. शंभर-दीडशे डॉलरचा फरक असेल आणि पुढच्या वर्षी नोकरी, शाळा, आईवडिलांचं येणं यातलं काहीही हलणारं असेल, तर तो हप्ता मी डोळे मिटून भरते.

आमच्या या वेळच्या टेबलावर एक गंमत झाली. समोरचा मुलगा, बोलण्यावरून फिलिपिन्सचा वाटला, फार गोड होता. त्याने कागद माझ्याकडे फिरवला, पेन्सिलीने ‘२०० डॉलर क्रेडिट’ला गोल केला. मी त्याच्याच हातातली पेन्सिल मागितली आणि खालच्या ओळीतल्या ‘नॉन-रिफंडेबल’ला गोल केला. तो हसला, काही न बोलता लॅपटॉपवर दुसरा भाव काढला आणि नवा कागद छापला. १४० डॉलर जास्त, क्रेडिट तेवढंच. बाबा शेजारून म्हणाले, “म्हणजे ह्यांच्याकडे दोन वह्या असतात!”

बाकीचे प्रश्न पटापट: राखीव डिपॉझिट घेतलं तर त्याची मुदत किती, आणि मुदतीत वापरलं नाही तर पैसे परत येतात की बुडतात? हे क्रेडिट दुसऱ्या कुठल्या सवलतीबरोबर चालतं का? नंतर भाव उतरला तर कमी भाव मिळतो का, आणि तो घेतला तर क्रेडिट जातं का? प्रवाशाचं नाव बदलता येतं का? हा शेवटचा प्रश्न आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. वर्षभरानंतर आई-बाबा इथे असतील की पुण्यात, हे आज कुणाला माहीत? बहुतेक ठिकाणी केबिनमधला निदान एक मूळ माणूस कायम राहिला तर दुसऱ्याचं नाव बदलून देतात, पण आई-बाबांची केबिन स्वतंत्र असेल तर अडचण होते. म्हणून आम्ही त्यांच्या केबिनमध्ये एक नाव लेकीचं टाकतो आणि आमच्यात एक त्यांचं. जहाजावर चढल्यावर कोण कुठे झोपतं ते आपलं आपण बघायचं.

पायरी ४: केबिनवर बसून हिशेब

आकडे कल्पनेतले घेते, पद्धत बघा. समजा जहाजावरच्या टेबलावर दोघांची बाल्कनीची केबिन ३,४०० डॉलरला आहे आणि वर २०० डॉलर क्रेडिट. घरून लिहून आणलेला भाव ३,३०० आणि एजंट देणार १५० डॉलरचं कार्ड. वरवर पाहता जहाजावरचं ३,२०० ला पडलं आणि घरचं ३,१५० ला. पण जहाजावरचं बुकिंग त्याच एजंटकडे वळवता आलं आणि त्याने तेच कार्ड दिलं, तर ३,०५० पडतं. म्हणजे खरा फायदा दोन्हीकडचं जुळवून घेण्यात.

आता त्या २०० डॉलरकडे बघा. ऑनबोर्ड क्रेडिट म्हणजे नोटा नव्हेत. त्यात दोन जाती असतात. एक उरलं तर शेवटी परत मिळतं, दुसरं शेवटच्या रात्री जहाजावरच संपतं. भेट म्हणून मिळणारं बहुधा दुसऱ्या जातीचं. टिप्स आधी भरल्या नसतील तर हे क्रेडिट त्यात वळतं, आणि तेव्हा ते जवळजवळ रोख धरायला हरकत नाही. पण टिप्स आधीच भरून ठेवल्या असतील आणि घरात कुणी पीत नसेल, तर शेवटच्या रात्री जहाजावरच्या दुकानात चावी अडकवायची किचेनं आणि टोप्या घेत फिरण्याची पाळी येते. आमच्याकडे अशा तीन टोप्या आहेत. तेव्हा क्रेडिट नक्की कशावर खर्च होणार हे सांगता येत नसेल, तर हिशेबात ते निम्मंच धरा.

जाता जाता: कार्निव्हल कॉर्पोरेशन किंवा रॉयल कॅरिबियनचे १०० शेअर तुमच्या खात्यात असतील, तर शेअरहोल्डर म्हणून वेगळं ऑनबोर्ड क्रेडिट मागता येतं. त्यासाठी शेअर घ्या असं म्हणत नाही, पण असलेले शेअर विसरून बसलेले दोघं माझ्याच माहितीत आहेत.

भाव थांबून उतरेल का, हा प्रश्न उरतो. जानेवारी ते मार्च हा क्रूझवाल्यांचा विक्रीचा हंगाम असतो, त्याला ‘वेव्ह सीझन’ म्हणतात, आणि त्या दिवसांतल्या ऑफर कधीकधी जहाजावरच्या ऑफरला मागे टाकतात. पण शाळेच्या सुट्ट्या, म्हणजे डिसेंबरचा शेवट, स्प्रिंग ब्रेक, जुलै, आणि त्यातही दोन केबिन शेजारी-शेजारी किंवा चौघांची एक केबिन हवी असेल, तर थांबण्यात हशील नाही. चार माणसं झोपू शकतील अशा केबिन मोजक्याच असतात आणि त्याच आधी संपतात. नुसते नवरा-बायको, सप्टेंबर-ऑक्टोबरात कधीही निघू शकणारे? तुम्हाला टेबलाची गरजच नाही. घरी बसून स्वस्त पडेल तेव्हा घ्या.

पायरी ५: पेन हातात घेण्याआधी पासपोर्ट आठवा

हे मी जरा लांबवणार आहे, कारण टेबलावरचा माणूस हे सांगत नाही आणि सांगणं त्याचं कामही नाही.

क्रूझ संपवून उतरताना सगळ्यांना अलास्का हवा असतो. सिएटलहून निघून सिएटललाच परत येणारी सफर कागदावर अमेरिकेतल्या अमेरिकेत वाटते. ती तशी नसते. १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यानुसार परदेशी जहाजांना अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन मध्ये एकही परदेशी बंदर न करता अमेरिकेतच परत सोडता येत नाही, आणि या मोठ्या क्रूझ जहाजांपैकी जवळजवळ सगळी परदेशी झेंड्याची. म्हणून सिएटलची बहुतेक जहाजं वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, बऱ्याचदा संध्याकाळचे काही तास. महामारीच्या काळात कॅनडाने बंदरं बंद ठेवली, तेव्हा २०२१ च्या मोसमापुरती अमेरिकेच्या संसदेला खास सवलत द्यावी लागली, नाहीतर अलास्काच्या सफरी पुन्हा सुरूच झाल्या नसत्या.

आपल्याला याचं काय? भारतीय पासपोर्टवर एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा असलेल्यांना आणि बी-टू या पर्यटक व्हिसावर आलेल्या आई-बाबांना त्या काही तासांसाठी कॅनडाचा व्हिसा लागतो. “आम्ही उतरणारच नाही, जहाजावर बसून राहू” हे चालेल असं गृहीत धरू नका. ग्रीन कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही चालू असतील तर कॅनडाला वेगळा व्हिसा लागत नाही. व्हँकुव्हरहून निघणारी सफर असेल तर प्रश्न आणखी उघड आहे. युरोपातल्या सफरी म्हणजे बहुधा शेंगेन, तिथल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा.

कॅरिबियनच्या सफरीलाही अमेरिकेत परत शिरताना व्हिसा बघतात. आई-बाबांचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, आणि परतीच्या दिवशी चालू असेल ना, हे बघा. एच-वन-बी वाल्यांचा पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला असेल तर ‘कॅनडा-मेक्सिकोला जाऊन येता येतं’ ही ऐकीव माहिती कॅरिबियन बेटांना लावू नका. ती सोय त्या दोन देशांपुरती आहे, बेटांना ती विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसावाल्यांसाठी लागू होते. आपल्या बाबतीत शंका असेल तर कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला विचारा, टेबलावरच्या मुलाला नको.

या सगळ्याचा डिपॉझिटशी थेट संबंध आहे. व्हिसा मिळेल की नाही, वेळेत मिळेल की नाही, हे तुमच्या हातात नाही. मग त्याच्यावर अवलंबून असलेल्या सफरीला परत न मिळणारे पैसे कशाला लावायचे?

पायरी ६: घरी आल्यावर

बॅगा उघडायच्या आधी ईमेल उघडा. बुकिंग क्रमांक, पासपोर्टप्रमाणे नावं, क्रेडिटचा आकडा आणि ‘रिफंडेबल’ हा शब्द, चारही त्यात दिसले पाहिजेत. एखादं नसेल तर त्याच आठवड्यात फोन करा, आठवण आणि कागद दोन्ही ताजे असतात.

एजंटकडे वळवायचं असेल तर त्याला मुदत असते, कंपनीगणिक वेगळी, आणि पूर्ण पैसे भरले की बहुधा ते दार बंद होतं. जहाजावर बुक करताना काही न सांगितल्यास बुकिंग चालू सफरीच्या एजंटच्या नावावर जातं असंही होतं, तेव्हा एजंट बदलायचा असेल तर टेबलावरच तसं सांगायचं.

नंतर महिन्यातून एकदा भाव बघा. पाच मिनिटांचं काम. फायनल पेमेंटची तारीख बहुतेक सफरींना ७५ ते ९० दिवस आधी असते. तोवर भाव उतरला तर फोन करून कमी भाव मागता येतो. त्या तारखेनंतर रद्द केलं की दंडाची पायरी सुरू होते, आणि निघायचा दिवस जवळ येईल तशी ती चढत जाते.

भारतातून जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

सिंगापूरहून किंवा युरोपातून क्रूझ करणारे पुण्या-मुंबईचे बरेच जण याच टेबलाशी बसतात. डिपॉझिट परकीय चलनात जातं. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करून ठेवा. बँकेचं मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या व्यवहाराचं शुल्क, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत, आणि मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. रद्द केलं तर परतावाही त्याच रस्त्याने येतो, विनिमयाचा दर तेव्हाचा, आणि मार्कअप बहुधा गेलेलंच. म्हणजे ‘पूर्ण परत’ हे डॉलरमध्ये पूर्ण, रुपयांत थोडं कमी-जास्त. मशीनवर “रुपयांत घेऊ का?” असं विचारलं तर नको म्हणा. इथल्या एजंटकडून रुपयांत घेतलं तर परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण तोवर पैसे अडकतात. दर अर्थसंकल्पागणिक बदलत आलाय, एजंटला चालू दर विचारा. हे सगळं धरून दोन्हीकडचे रुपयांतले आकडे शेजारी-शेजारी लिहा आणि मगच ठरवा.

आम्ही त्या दुपारी काय केलं? १४० डॉलर जास्त देऊन रिफंडेबल भावाने पुढच्या जुलैची अलास्काची दोन केबिनं घेतली. आम्हा तिघांचं ग्रीन कार्ड आहे. आई-बाबांचा कॅनडाचा अर्ज पुण्याला परत गेल्यावर त्यांनी भरला, अजून उत्तर नाही. बाबा दर रविवारी फोनवर आधी अलास्काचा भाव काय झाला ते विचारतात. गेल्या रविवारी साठ डॉलरने उतरला होता. सोमवारी फोन केला, कमी भाव मिळाला, क्रेडिटही राहिलं.